वायोरूच्या पुढं रस्ता बंद

गुरुदत्त : दोन तास झाले या बॅरिकेडसमोर, प्रमोदिनी! मी म्हणत होतो, कालच ऑकलंडला निघू या.

प्रमोदिनी : काल माझी हॉस्पिटलात ड्यूटी होती. आणि बर्फ पडणार हे मला काय स्वप्नात दिसणार?

गुरुदत्त : जुलै आहे, इथला ऐन हिवाळा! विमानानंच जायला हवं होतं.

प्रमोदिनी : परवा त्या धुक्यात आपल्या पामर्स्टन नॉर्थहून एक तरी विमान उडालं का?

जुई : गाईज, प्लीज! कोचला मेसेज केलाय मी. ट्रायल एकला आहे. सहाला तिची फ्लाइट, बॅक टू अमेरिका.

गुरुदत्त : म्हणजे ही बाई कॉलेजच्या फुटबॉल टीमसाठी मुली शोधत अख्खा समुद्र ओलांडून ऑकलंडला येते, आणि पुढं अर्धा दिवस गाडीनं यायचं म्हटलं की तिला लांब पडतं! अकरा व्हिडिओ पाठवले मी तिला.

जुई : त्यात तूच ओरडतोयस, बाबा. ‘डावीकडे, अगं डावीकडे!’

प्रमोदिनी : जुई, फोन. तीच असेल.

जुई : हाय, कोच... नो, स्टिल क्लोज्ड... ओह. नो, नो, दॅट्स फाइन. थँक्स हीप्स.

प्रमोदिनी : काय गं?

जुई : एकच गोलकीपर हवी होती. सिद्धीला घेतलं. ती ऑकलंडमधल्या बॉटनी डाउन्सची.

गुरुदत्त : सिद्धी? मे महिन्यात तिच्या टीमला तू एकही गोल करू दिला नाहीस!

जुई : ते कोचनं कुठे पाहिलं? सिद्धीला तीन दिवस पाहत होती. ती ग्राउंडपासून दहा मिनिटांवर राहते.

गुरुदत्त : चूक माझीच. ऑकलंडची चांगली नोकरी सोडून इथे रिसर्चला आलो. मोठं अंगण हवं होतं ना मला!

प्रमोदिनी : आता ते उकरून काढू नकोस.

जुई : बाबा, ऑकलंडला असतो तर मी कीपर झालेच नसते.

गुरुदत्त : का?

जुई : इथे टीमला जेमतेम अकरा मुली मिळाल्या. गोलमध्ये कोणीच उभी राहीना, सो मी राहिले. तिकडे मला बेंचवर बसवलं असतं.

प्रमोदिनी : रडायचं असेल तर रड, बाळा.

जुई : रडतेच आहे ना. पण गाडी वळव, बाबा. साडेपाचला आपल्या टीमची प्रॅक्टिस आहे. तिथे तरी वेळेवर पोचू.