चारचा भोंगा

समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हा सगळ्यांना सूर शिकवणारे आदरणीय गणपतराव सर, व्यासपीठावरील मान्यवर, आजचा सत्कारमूर्ती सौमित्र, पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आई, म्हणजे आपल्या माई, आणि कसबा बावड्यातल्या रसिक बंधू-भगिनींनो,

सौमित्र उद्या बेंगळुरूच्या एका मोठ्या स्टुडिओत रुजू व्हायला निघतोय. मी राजवीर; आमच्या बँडमध्ये मी गिटार वाजवतो आणि तो कीबोर्ड. दहा वर्षांची सोबत. म्हणून त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलंय. चारही चांगलेच निघतील अशी हमी मात्र मी देत नाही.

आमचा 'गळीत हंगाम' हा रॉक अल्बम आपण ऐकलाच असेल. उसाची पहिली मोळी पडते तिथपासून साखर कारखाना थंडावेपर्यंत एकच गोष्ट सांगणाऱ्या अकरा रचना. तीन वर्षं खपून त्या मी बांधल्या. रेकॉर्डिंग आमच्याच घराच्या माडीवर. तिथं माझा एक नियम होता: कारखान्याचा भोंगा झाला की सगळ्यांनी वाद्यांवरचे हात काढायचे. माइकमध्ये शिरतो ना तो. खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या, तरी शिरायचाच.

एका दुपारी चारचा भोंगा झाला. आम्ही हात काढले. सौमित्रनं काढले नाहीत. भोंग्याचा सूर धरून तो वाजवतच राहिला. "टेक वाया गेला," म्हणत मी चिडून खाली चहा सांगायला गेलो. वर आलो तेव्हा त्याचं वाजवून झालं होतं. आमचा ड्रमवाला विश्वजित म्हणाला, "राजवीर, मशीन चालूच हुतं की. मी बी वाजवलं त्येच्यासंगं."

सात मिनिटं. ना ठरवलेली, ना लिहिलेली. ती झाली बारावी रचना. इचलकरंजीच्या कार्यक्रमात लोकांनी पुन्हा काय मागितलं? तीच. माझ्या अकरांतली एखादी? नाव काढू नका. आमचे वडील बाळासो, चाळीस वर्षं ह्याच कारखान्याला ऊस घालतात. ते म्हणाले, "तुजी गाणी झ्याक हायत, पर ह्यात आपला कारखाना वाजतोय की." दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. कारखान्यावर अल्बम करणाऱ्यानं तीन वर्षं कारखानाच बाहेर ठेवला होता, हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं, म्हणून तर झोंबलं.

मंडळी, मी जळलो. अजून जळतो. कव्हरवर त्या रचनेखाली 'संपूर्ण बँड' असं मीच छापून घेतलं. माई, तुम्ही विचारलंत तेव्हा छपाईतली चूक आहे म्हणालो. चूक नव्हती. मी तर खोलीतही नव्हतो. सौमित्रनं ते वाचलं, हसला आणि चहा मागितला. त्याचा तर जास्तच राग आला. पुढच्या छपाईत सौमित्र आणि विश्वजित, दोनच नावं असतील.

नंतर पंधरा दिवस चारला मी एकटा माडीवर बसून पाहिलं. भोंगा त्याचा तो वाजायचा, मी माझा.

आता चारला पाच मिनिटं कमी आहेत. पडद्यामागं त्याचा कीबोर्ड लावलाय, खिडक्या उघडायला सांगितल्यात. हे प्रेमापोटी केलं असं समजू नका. हा गडी नेमकं काय करतो, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय.

संयोजकांचे, सरांचे आणि एवढं सोसून ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. आणि चहा सांगायला आज दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, मी इथून हलणार नाही.