पडद्यामागची पट्टी

हिंगोलीला डोळ्यांच्या दवाखान्यात एका बाकड्यावर म्हातारा-म्हातारी बसली होती, सोबत त्यांची नात पुनम. कालच्या ऑपरेशनची पट्टी म्हाताऱ्या आबांच्या डाव्या डोळ्यावर होती.

"जत्रंतल्या तंबूत पाह्यलेल्या पिच्चरातला दरोडेखोर दिसून राहिले अगदी. फक्त त्याची पट्टी उजव्या डोळ्यावर व्हती," आजी आबांना म्हणाली.

"डाव्याच. अशीच व्हती."

"उजव्या! गावातल्या कोणत्याबी म्हातारीला इचारा, उजवाच डोळा सांगंल."

"आन् कोणताबी म्हातारा डावा सांगंल. लग्नापासून हेच चालू हाये."

"आजी, तुमी दोघांनी एकाच दिवशी पाह्यलं का?"

"एकाच दिवशी, एकाच तंबूत. नवी नवरी व्हते मी. हे गड्यांसंगं पुढं बसले. आमी बाया पडद्याच्या मागं."

"मागं? मागून काय दिसते?"

"समदं दिसायचं. पातळ कापड व्हतं, लख्ख उजेड यायचा."

"अगं आजी, मग तुमा बायांना उलटं दिसलं. डावं ते उजवं. पडद्यावरची नावंबी उलटी आली असतील."

"आली असतील. मला कुठं वाचता येत व्हतं?"

"झालं ना? म्हंजी मीच बराबर व्हतो."

"बराबर व्हते, तर मागून उलटं दिसते हे इतकी वर्षं सांगितलं काहून न्हाई?"

"मला काय माहीत? मी कधी मागं बसलो का?"