गोळ्या कोणाच्या?

परक्या देशातल्या पोलीस ठाण्यात, हरवलेल्या बॅगेची तक्रार द्यायला आलेल्या बाईच्या कानावर अचानक आपली भाषा पडली. शेजारच्या बाकावर एक काकू आणि त्यांचा वकील बसले होते.

"अहो, त्या झोपेच्या गोळ्या माझ्या आहेत. यांच्या खिशात मीच ठेवल्या."

"हळू बोला, काकू. इथे त्या गोळ्यांवर बंदी आहे. काकांनी त्या स्वतःच्या म्हणून लिहून दिलंय."

"यांच्या? उशीला डोकं टेकलं की घोरायला लागतात हे! म्हणून तर मला गोळी लागते."

"खरं सांगितलंत, तर तुम्हालाही आत टाकतील."

"आणि गप्प बसले तर?"

"संध्याकाळच्या विमानाने तुम्ही घरी जा, असा काकांचा निरोप आहे."

"त्या शांत घरात झोप लागेल मला?"

"काकू, थांबा! कुठे निघालात?"

"साहेबाकडे. तुम्हीही चला, मला इथली भाषा येत नाही."