लव्हॉनच्या कुंपणालगतचे कोनफ्लॉवर

नेब्रास्कातल्या आमच्या गावात फ्लूची लस टोचून घ्यायला रांग लागली होती. माझ्या पुढे लव्हॉन आणि आर्लिस, जन्मभर शेजारी राहिलेल्या दोन म्हाताऱ्या.

"लव्हॉन, तुझ्या कुंपणाशी कोनफ्लॉवर काय फुललेत गं!"

"तूच तर बी दिलंस, आर्लिस. दोन वर्षांपूर्वी."

"मी दिलेलं... ते उगवलं?"

"का? उगवणार नव्हतं?"

"तसं नाही गं."

"आधी पाखरांपुढे टाकून पाहिलं. एकानंही चोच लावली नाही. मग हातावर चोळलं, तर नुसतं फोलपट!"

"अगं बाई, चुकून झालं असेल."

"चुकूनच. म्हणून मीही चुकून तुझ्या वाफ्यात शिरले आणि बियांची वाळलेली बोंडं कापून आणली."

"कधी?"

"त्याच साली, एका रविवारी. तू चर्चमध्ये गात होतीस."

"आणि मी पाखरांना शिव्या घालत बसले! चोरटी मेली!"

"हळू बोल, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. लव्हॉन... माझी सगळी रोपं गेल्या हिवाळ्यात गेली गं. एक बोंडसुद्धा उरलं नाही."

"माहीत आहे. रोज दिसतो तो रिकामा वाफा."

"थोडं बी देशील?"

"देईन की. पण आधी इथं सगळ्यांसमोर म्हण, माझी फुलं तुझ्यापेक्षा चांगली आहेत."

आर्लिस मागे वळली आणि थेट माझ्याकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "ऐका हो! हिची फुलं माझ्या फुलांपेक्षा चांगली आहेत. कारण ती माझीच आहेत!"