पितराचा मांडा

ताईबाई : नई, मी उठनार नई, हितेंद्र. पाटावर तूच बसाडं मला. कुंकू तू लावलं, पाय तुझ्या बायकोनं धुतले. आज आखाजी शे अन् तुझ्या गेलेल्या मायच्या जागी जेवाले बसेल मी तुझी माय शे. पितर कधी चुलीपाशी जातं का?

हितेंद्र : पण अक्का, हाही मांडा फाटला! माय गेल्यानंतरची पहिली आखाजी, पहिली अक्षय्य तृतीया. तिच्या नावाची घागर भरली, रस केला, आणि पितराच्या ताटात धड एक मांडा नाही. मी गाडी काढतो. बाजारात तयार मिळतात.

दिपमाला : थांबा हो. पुरण आहे अजून.

ताईबाई : चोपड्यापासून धुळ्यापर्यंत लोकायच्या लग्नात मांडे केले तुझ्या मायनं, कमलनं. पुरण भराले मी अन् तापल्या खापरावर भाजाले ती. उभा जन्म गेला आमचा. अन् तिच्या ताटात बाजारातला इकतचा मांडा? लाज वाटू दे जराशी.

दिपमाला : त्यांचं नाही, माझंच चुकतंय. मला येतच नाही, अक्का. आईंनी कधी खापराजवळ फिरकू दिलं नाही. हात पुढे केला की म्हणायच्या, “सरक, तुझं काम नाही.” माझ्या मनात अजून सलतं ते. त्यांना मी कुचकामीच वाटले असेन.

ताईबाई : येडी शे का तू? हा माझा हात बघ. मनगटापासून कोपरापर्यंत बठ्ठे चटक्याचे डाग. तिचे तर याहून काळे होते. तू सकाळी घड्याळ बांधून कामाले निघे ना, तर ती मला कोपर मारे. म्हने, “ताई, माझ्या सुनेचा हात बघ कसा दिसतो. याले मी चटका लागू देनार नई.”

दिपमाला : मला एकदाही बोलल्या नाहीत.

ताईबाई : फुरसत कुठं होती तिला? नात शाळेतून आली की पिठाच्या हातानं दप्तर उतरवी, अन् परत चुलीकडे. पंगती उठल्यावर आम्ही जेवाले बसत. आख्खे मांडे पाहुण्यायला गेलेले. ती फाटके उचले. घरातबी तेच.

हितेंद्र : घरातही? माय म्हणायची, फाटका जास्त खमंग लागतो. मला खरंच वाटायचं.

ताईबाई : तुले वाटनारच. तुझ्या ताटात आख्खा ऱ्हाये.

हितेंद्र : आणि मी कधी विचारलंही नाही, अक्का.

ताईबाई : तोंड पाडू नको, जाळ सार पुढं. दिपमाला, घड्याळ काढ. बांगड्या वर सरकव अन् पुरण भरेल गोळा घे. बोटांनी ओढू नको, बोटं टोचतस त्याले. पंजे पसर अन् या हातावरून त्या हातावर झेल. तो आपल्या वजनानं मोठा होतो. भिऊ नको.

दिपमाला : उतरतोय... अक्का, उतरतोय! अहो, बाजूला व्हा!

ताईबाई : आता कोपरापर्यंत येऊ दे. येऊ दे... टाक!

हितेंद्र : बसला! खापरभर बसला, कुठं भोक नाही!

दिपमाला : स्स... मनगटाला लागलं.

ताईबाई : तूप लाव, तूप. आता कमल रात्री सपनात येऊन मलाच बोलनार.

दिपमाला : बोलू द्या. मला बरं वाटतंय, अक्का. फार बरं वाटतंय. घ्या, गरम आहे तोवर खा.

ताईबाई : हं... वेलदोडा कमी पडला. बाकी कमलचाच शे. बसून गरम मांडा खाल्ला बाई तिनं एकदाचा.

दिपमाला : आता यांच्यासाठी एक टाकते. फाटके मी घेईन, मला चालतात.

ताईबाई : तुला चालत नई. पुढचा आख्खा तुझा. हितेंद्र, ताट घे अन् बस.

हितेंद्र : आणि मला काय, अक्का?

ताईबाई : अक्का नई, आज माय शे मी. फाटके उचल, राजा. खमंग लागतस.