माप

मेंदूच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एकीचा शिंपी नवरा आत तपासणीला होता.

"डोक्याला मार बसल्यावर शिवणकामही विसरले का हो?"

"छे. मागची वीस वर्षं तेवढी गेली. दुकानात बायकांची मापं मी घ्यायची, शिवायचे ते. परवा टेप न लावता बायकोसाठी ड्रेस शिवला."

"म्हणजे तुमच्यासाठीच की."

"वीस वर्षांपूर्वीच्या माझ्यासाठी. मला कुठला होतोय? लेकीला मात्र बरोब्बर बसला."

"मग?"

"तिला बघून खुलले. म्हणाले, कुठे होतीस? या बाई कधीच्या थांबल्यात, त्यांचं माप घे."

"अगं बाई. आणि लेक?"

"तिनं टेप उचलली. मी हात वर करून उभी राहिले."