गोऱ्या पोरासाठी नारळ

गोरे गेले, पण आमच्या मुरुडच्या शाळेत इंग्रजीचा तास राहिलाच, बरं का. पुण्याहून आलेले जोशी सर आम्हाला पोरांसाठीची एक विलायती कादंबरी वाचून दाखवायचे. म्हणायचे, "परक्या माणसांच्या चालीरीती समजून घ्या."

एकदा त्यातला पोरगा भर जुलैत होडी घेऊन एकटाच समुद्रात निघाला. कोळीवाड्यातली हिरा ताडकन उठली. "जुलैत? नारळी पौर्णिमेच्या आधी? त्याची आई कुठं व्हती?"

"अगं, त्यांच्याकडे जुलैत छान ऊन असतं!"

दुसऱ्या दिवशी हिरानं सरांच्या टेबलावर नारळ ठेवला. "आये बोलली, आधी दर्याला नारल द्या, मंग पुढचं वाचा."

सरांनी हसून पान उलटलं. पहिल्याच ओळीत वादळ, दुसरीत होडी उलटली! सरांनी हिराकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि नारळ उचलला. अख्खा वर्ग त्यांच्यामागून किनाऱ्याकडे निघाला.

फाटकात हेडमास्तर आडवे आले. "इंग्रजीचा तास सोडून कुठे निघालात?"

"तासच चाललाय, सर. पोरगा बुडतोय," जोशी सर म्हणाले.

हेडमास्तर मुरुडचेच. म्हणाले, "मग चालताय काय? पळा!"